सायकलचा पुढचा गिअर

सायकल हें यंत्र असें आहे कीं, त्याचा जवळजवळ प्रत्येक अवयव उघडा असतो. घड्याळ बिघडलें तर तें उघडावें लागतें, मोटार बिघडली तर तिचें झांकण वर करावें लागतें. सायकलीचें मात्र सर्व कांहीं डोळ्यांसमोर चाललेलें असतें. असें असूनही तिच्या एका दोषानें जाणत्या माणसांनाही वर्षानुवर्षें चकविलें आहे. चढ सुरू होतो, स्वार डाव्या हाताखालचा लिव्हर दाबतो, आणि मोठ्या चक्रावरची चेन लहान चक्रावर यावयाची असते. ती येत नाहीं, किंवा येतां येतां पलीकडे निसटून फ्रेमवर पडते. पाय मोकळे फिरतात, गति जाते, आणि बोटें काळीं करून घेत रस्त्याच्या कडेला उभें राहावें लागतें. मग स्क्रू पिळले जातात, वायर ताणली जाते, आणि पुष्कळदां दुखणें बरें होण्याऐवजीं वाढतें. हा दोष कोठून आला हें समजावयाचें असेल, तर पुढचा गिअर जन्माला कसा आला हें पाहिलें पाहिजे. कारण त्याची अडचण त्याच्या जन्माबरोबरच आलेली आहे.

चेन उतरण्याची ही आपत्ति केवळ नवशिक्यांवर येते असें नाहीं. १९ जुलै २०१० रोजीं टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत पिरेनीज पर्वतांत पोंचली होती. पोर द बालेस नांवाच्या घाटांत, माथा जवळ आला असतां, आघाडीचा पिंवळा अंगरखा घातलेला लक्झेंबर्गचा तरुण स्वार अँडी श्लेक यानें सर्व शक्तीनिशीं मुसंडी मारली, आणि त्याच वेळीं त्याच्या सायकलची चेन दांत्यांवरून सुटली. त्याला खालीं उतरून ती हातानें बसवावी लागली. तेवढ्यांत स्पेनचा आल्बेर्तो कोंतादोर पुढें निघून गेला. त्या दिवशीं श्लेकनें कोंतादोरच्या तुलनेनें ३९ सेकंद गमावले. आणि पॅरिस येथें शर्यत संपली तेव्हां दोघांतील अंतर बरोबर ३९ सेकंदांचेंच होतें. पुढें उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणांत कोंतादोरचें विजेतेपद २०१२ सालीं रद्द झालें आणि तें श्लेककडे आलें, ही गोष्ट निराळी. पण तीन आठवड्यांची, सुमारें ३,६०० किलोमीटरांची शर्यत, दिमतीला उत्तम कारागीर, हातीं उत्तम सायकल, आणि तरीही चेन ऐन चढावर उतरली! यंत्र किती उत्तम आहे यापेक्षां, चेनवर त्या क्षणीं भार किती आहे, याला येथें अधिक महत्त्व आहे.

भाराची ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुढच्या चक्राला ५० दांते आणि मागच्या चक्राला २५ दांते असले, तर पेडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक दोनदां फिरतें. चाकाचा परिघ सुमारें २.१ मीटर धरला तर सायकल ४.२ मीटर पुढें जाते. पुढचें चक्र ३४ दांत्यांचें घेतलें तर त्याच एका फेऱ्यांत ती २.८६ मीटरच जाते. अंतर कमी, पण श्रमही त्या मानानें हलके. सपाटीवर मोठें चक्र आणि चढावर लहान चक्र, हा पुढच्या गिअरचा सारा हिशेब आहे.

चेनच्या दोन बाजू असतात. खालची बाजू सैल असते, वरची बाजू ताणलेली असते. कारण पुढचें चक्र वरच्या बाजूनें चेन ओढूनच मागचें चाक फिरवितें. मागचा गिअर बदलणारी यंत्रणा खालच्या, सैल बाजूला हात घालते. पुढच्या गिअरच्या नशिबीं मात्र वरची, ताणलेली बाजू आलेली आहे. हा ताण किती असतो? पेडलाचा दांडा १७० मिलिमीटर लांबीचा असला आणि तो आडवा असतांना पायानें २५ किलोंचा भार दिला, तर ५० दांत्यांच्या चक्रावर चेनला सुमारें ४२ किलोंचा ताण पडतो आणि ३४ दांत्यांच्या चक्रावर सुमारें ६२ किलोंचा. म्हणजे चढावर, ज्या क्षणीं गिअर बदलण्याची निकड सर्वांत अधिक, त्याच क्षणीं चेन सर्वांत अधिक हट्टी झालेली असते. पातळ पत्र्याच्या एका पिंजऱ्यानें तिला बाजूला ढकलावयाचें असतें. विहिरींतून भरली घागर वर येत असतां रहाटावरचा दोर एका खांचेंतून दुसऱ्या खांचेंत सरकवूं पाहावा, तसाच हा प्रकार होय.

ही अडचण प्रथम ज्यांच्या वाट्याला आली, ते शर्यतीचे वीर नव्हते. डोंगरांत हिंडणारे हौशी प्रवासी होते. फ्रान्समधील सेंत-एत्येन हें शहर शस्त्रांच्या, रेशमी फितींच्या आणि सायकलींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथें पॉल द व्हिव्ही या नांवाचा एक रेशमाचा व्यापारी राहत असे. १८५३ सालीं जन्मलेल्या या गृहस्थाला सायकलीचा नाद लागला, आणि तो इतका वाढला कीं, त्यानें रेशमाचा व्यापार सोडून सायकलींचें दुकान घातलें. १८८७ सालीं त्यानें सायकलीला वाहिलेलें एक मासिक काढलें. पुढें तें ‘ल सिक्लिस्त’ या नांवानें गाजलें. वाचक त्याला ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें ओळखत. शहराबाहेर पडलें कीं डोंगर लागतात. जवळच १,१६१ मीटर उंचीची कोल द ला रेपुब्लिक ही खिंड आहे. एकाच गिअरच्या सायकलीवर हा चढ चढणें म्हणजे छातीचा आणि गुडघ्यांचा छळ होता.

व्हेलोसिओचें म्हणणें साधें होतें. माणसाच्या पायांना एक स्वाभाविक लय असते. चढ येवो, उतार येवो, ती लय मोडूं नये. बदलावयाचा असेल तर गिअर बदलावा. यासाठीं त्यानें पुढें एकाच आंसावर दोन चक्रें बसविलीं, एक मोठें आणि एक लहान. चढ आला कीं खालीं उतरावें, बोटांनीं चेन उचलून लहान चक्रावर ठेवावी आणि पुन्हां स्वार व्हावें. आज ही रीत ओबडधोबड वाटेल. परंतु तिच्यांत एक गुण होता. माणूस खालीं उतरलेला असे, म्हणून चेनवर भार नसे, आणि म्हणून चेन कधीं हट्ट करीत नसे. पुढें यंत्रें सुधारलीं, उतरण्याचे श्रम वांचले. पण भार नसतांना चेन हलविण्याचा तो मूळ गुण मात्र हरवला.

शर्यतींच्या जगाला ही कल्पना मानवणारी नव्हती. १९०२ सालीं फ्रान्सच्या टूरिंग क्लबानें डोंगराळ मुलखांत २४० किलोमीटरांची एक चाचणी घेतली. एका बाजूस एदुआर फिशर हा नामांकित स्वार एका गिअरच्या सायकलीवर होता. दुसऱ्या बाजूस मार्थ हेस ही स्त्री तीन गिअरांच्या सायकलीवर होती. चाचणींत मार्थ हेसनें बाजी मारली. यावर, दुसऱ्याच वर्षीं ज्यानें टूर द फ्रान्स सुरू केली, त्या आंरी देग्रांज या संपादकाचा अभिप्राय असा पडला कीं, गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांना शोभतात. युक्तीनें जिंकण्यापेक्षां स्नायूंच्या बळावर जिंकणें अधिक चांगलें. वादाचें मूळ येथें उघडें पडतें. एका पक्षाला सायकल ही पौरुषाची परीक्षा वाटे. दुसऱ्या पक्षाला ती स्त्रियांना, वयस्करांना आणि सामान्य प्रकृतीच्या माणसांना डोंगरापलीकडचा मुलूख दाखविणारी सोबतीण वाटे.

शर्यतींत दीर्घकाळ देग्रांजचाच पक्ष वरचढ राहिला. १९०३ सालीं पहिल्या टूरचा मार्ग व्हेलोसिओच्या त्याच रेपुब्लिक खिंडीवरून गेला. पण स्वारांच्या सायकली एका गिअरच्याच होत्या. पुढें मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस दोन निरनिराळीं चक्रें बसविण्याची पद्धति पडली. चढाच्या पायथ्याशीं उतरावयाचें, मागचें चाक सोडवून उलटें बसवावयाचें आणि माथ्यावर पुन्हां तोच खटाटोप करावयाचा. १९२७ सालच्या नोव्हेंबरांत इटलींतील क्रोचे द’आउने या खिंडींत तुल्लिओ कांपान्योलो या स्वाराची बोटें थंडीनें इतकीं बधिर झालीं होतीं कीं, चाकाचे नट त्याला सोडवितां आले नाहींत, अशी आख्यायिका आहे. एका हिसक्यासरशी चाक मोकळें करणारी कळ त्यानें पुढें तयार केली आणि १९३३ सालीं व्हिचेन्झा येथें कारखाना काढला. टूरमध्यें नामांकित स्वारांना गिअर बदलणारी यंत्रणा वापरण्याची मोकळीक १९३७ सालीं मिळाली, आणि त्याच वर्षीं रोजे लापेबी हा फ्रेंच स्वार ती वापरून विजयी झाला. व्हेलोसिओ हें पाहावयास उरला नव्हता. १९३० सालीं सेंत-एत्येन येथें ट्रामची धडक बसून त्याचा अंत झाला होता.

ही यंत्रणा मागच्या चाकाची होती. तिला फ्रेंच भाषेंत ‘देरायर’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘रुळावरून उतरविणारा’. आगगाडी रुळावरून घसरली तर तो अपघात. सायकलींत तोच अपघात ठरवून घडवावयाचा आणि लगेच गाडी शेजारच्या रुळावर चढवावयाची! सैल चेनवर हें जमून गेलें. ताणलेल्या चेनवर जमविण्याचे पहिले प्रयत्न हौशी प्रवाशांच्या सायकलींवर झाले. सीटखालच्या नळीवर एक लहानसा दांडा बसविलेला असे. स्वारानें धावत्या सायकलीवर वांकावें, दोन मांड्यांच्या मध्यें हात घालावा आणि तो दांडा ढकलून पिंजऱ्यासह चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर लोटावी, अशी ती रीत होती. ती धोक्याची खरी. पण वांकून हात खालीं नेतांना स्वाराचा पाय आपोआप हलका पडे, आणि हाताला चेनचा विरोध प्रत्यक्ष जाणवे. चेन ऐकत नसेल तर हात थांबे.

१९५० नंतरच्या दशकांत या दांड्याची जागा हळूहळू वायरीनें घेतली, आणि लिव्हर फ्रेमच्या तिरप्या नळीवर आला. वायर ओढली कीं पिंजरा बाहेर, मोठ्या चक्राकडे जाई. सैल सोडली कीं स्प्रिंग त्याला आंत, लहान चक्राकडे आणी. या लिव्हरला ठराविक थांबे नव्हते. चेन पिंजऱ्याला घांसूं लागली कीं खरखर ऐकूं येई, आणि स्वार लिव्हर केसभर सरकवून ती बंद करी. म्हणजे कानानें ऐकावयाचें आणि हातानें सुधारावयाचें. सतारीच्या खुंट्या पिळणाऱ्याला जी जाण लागते, तशीच कांहींशी जाण येथें लागे.

पुढें जपानी कारखानदारांनीं ही जाण यंत्रांत घालण्याचें मनावर घेतलें. १९८४ सालीं शिमानो कंपनीनें मागच्या गिअरसाठीं ‘टक्’ असा आवाज करून ठराविक जागीं थांबणारा लिव्हर आणला. १९९० सालीं ब्रेकचा आणि गिअरचा लिव्हर एकत्र करून तो हँडलवर, बोटांशीं आणला. सोय फार मोठी झाली. पण पूर्वी गिअर बदलावयाचा म्हणजे हँडलवरून हात काढावा लागे, आणि तेवढ्या अवधींत पायही दम घेई. आतां पेडलांवर उभें राहून, पूर्ण जोर लावीत असतांही गिअर बदलण्याचा मोह होऊं लागला. पुढच्या पिंजऱ्याची परीक्षा त्यामुळें अधिकच कठीण झाली.

तिला उत्तरही चक्राच्या घडणींतूनच निघालें. साधारण १९९० च्या सुमारापासून मोठ्या चक्राच्या आंतल्या बाजूस उतार कोरण्याची आणि लहान खिळे बसविण्याची पद्धति रूढ झाली. पिंजऱ्यानें चेन जरा रेटली कीं हे खिळे तिला उचलून घेतात आणि दांत्यांवर चढवितात. हे खिळे वाटेल तेथें नसतात. पेडलाच्या प्रत्येक फेऱ्यांत दोन वेळां असे क्षण येतात कीं, दांडा उभा असतो आणि पायाचा जोर जवळजवळ नाहींसा होतो. चेन सरकण्याचें काम शक्यतों त्या वेळीं व्हावें अशा बेतानें त्यांच्या जागा ठरविलेल्या असतात. व्हेलोसिओ खालीं उतरून जें साधीत असे, तेंच येथें अर्ध्या क्षणापुरतें साधलें जातें.

हा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे दुरुस्तीचा क्रमही आपोआप कळतो. गिअर नीट बदलत नाहीं असें दिसतांच स्क्रूला हात घालणें, ही नेहमींची चूक. दोन स्क्रू पिंजऱ्याला फक्त कुंपण घालतात. आंत किती जावें आणि बाहेर किती जावें याची ती मर्यादा होय. त्यांच्या अंगीं ढकलण्याचें सामर्थ्य नाहीं. म्हणून आधीं पिंजऱ्याची बैठक पाहावी. त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दांत्यांच्या वर एक ते तीन मिलिमीटर असावी आणि चक्राला समांतर असावी. सायकल आडवी पडली कीं ही बैठक हलते, आणि मग कोणताही स्क्रू उपयोगीं पडत नाहीं. नंतर वायर पाहावी. चेन मोठ्या चक्रावर चढत नसेल तर वायर बहुधा सैल झालेली असते. लहान चक्रावर उतरत नसेल तर ती फार ताणलेली असते, किंवा नळींत गंज आणि चिखल सांचून अडकलेली असते. पावसाळ्यानंतर हें दुखणें विशेष आढळतें. स्क्रूंची पाळी शेवटीं येते. चेन आंत फ्रेमवर पडत असेल तर आंतलें कुंपण ढिलें आहे. बाहेर पेडलाच्या दांड्यावर पडत असेल तर बाहेरचें. प्रत्येक वेळीं पाव फेरा पिळावा आणि पेडल फिरवून पाहावें.

कांहीं खरखर मात्र दुरुस्तीची नसतेच. पुढें सर्वांत मोठें चक्र आणि मागेंही सर्वांत मोठें, किंवा दोन्हींकडे सर्वांत लहान, अशी जोडी केली कीं चेन तिरपी होते आणि पिंजऱ्याला घांसते. तेथें पाना न घेतां गिअर बदलणें हाच उपाय. आणि सर्व कांहीं जागच्या जागीं असूनही चढावर चेन पडत असेल, तर दोष स्वाराच्या पायांत आहे. चढ अंगावर येण्यापूर्वींच लहान चक्र घ्यावें. उशीर झालाच, तर लिव्हर दाबतांना पेडलें थांबवूं नयेत, पण एका फेऱ्यापुरता जोर काढून घ्यावा.

अलीकडच्या काळांत या अडचणीवर दोन उपाय निघाले, आणि ते एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. २००९ सालीं शिमानोनें विजेवर चालणारी यंत्रणा बाजारांत आणली. तिच्यांत लहानशी मोटर पिंजरा हलविते, आणि मागचा गिअर बदलला कीं पुढचा पिंजरा आपण होऊन केसभर सरकून घर्षण टाळतो; जुन्या स्वाराचा कान आणि हात जणूं यंत्रांत जाऊन बसले. उलट २०१२ सालीं स्रॅम या अमेरिकन कंपनीनें डोंगरी सायकलींसाठीं पुढचा गिअर काढूनच टाकला. पुढें एकच चक्र, त्याचे दांते आळीपाळीनें जाड आणि बारीक, जेणेंकरून चेन सुटूं नये. आणि मागें १० पासून ४२ दांत्यांपर्यंत अकरा चक्रें. एकानें अडचण सोडविण्यासाठीं वीज आणली, दुसऱ्यानें अडचणीचें घरच मोडलें. तरीही दोन चक्रांच्या सायकली नाहींशा झाल्या नाहींत. कारण गिअरांच्या पायऱ्या जवळजवळ असाव्यात आणि चढ व सपाटी दोन्ही साधावीं, ही गरज कायम आहे.

पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, तेव्हां तेथील बहुतेक सायकली काळ्या, भक्कम आणि बिनगिअरच्या होत्या. चेन त्यांचीही उतरे. पण ती सैल झाल्यामुळें, आणि दुकानांत चाक जरा मागें ओढलें कीं काम भागे. गिअरची सायकल घरांत आली आणि मुलेंमुली ती घेऊन बोरघाटाकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याकडे निघूं लागलीं, तेव्हां सेंत-एत्येनच्या डोंगरांतील तो जुना प्रश्न या घरांतही आला. चेन पडलेली पाहून मुलगा कंपनीला दोष देतो, वडील मुलाला दोष देतात आणि दुकानदार वायरीला. तिघांचेंही थोडेंबहुत खरें असूं शकेल. परंतु वजनाखालीं ताणलेली वस्तु सहजासहजीं जागा सोडीत नाहीं, हा नियम कोणत्याही कारखान्याला रद्द करतां आलेला नाहीं. त्याला वळसा घालण्याच्या युक्त्या तेवढ्या निघाल्या. व्हेलोसिओ चेन हलविण्यापूर्वी सायकलीवरून उतरत असे. स्वारानें आतां उतरण्याचें कारण नाहीं. पेडलाच्या एका फेऱ्यापुरता पाय हलका केला म्हणजे पुरे.